दिल्लीत घेतलेलं नाव

चाकणच्या मागं कंपन्यांची कुंपणं संपतात, तिथून साडेतीन किलोमीटर आत वाघजाईवाडी आहे. त्या वर्षी वैशाख सरता सरता कंटेनरवाल्यांनी हमरस्त्यावरची कोंडी चुकवायला वाडीच्या रस्त्यानं गाड्या घातल्या आणि महिन्याभरात रस्त्याचा पार राडा केला. एक दिवस सकाळची बस ओढ्यापाशी कलली. आतल्या बाया किंचाळल्या, ड्रायव्हरनं कशीबशी सावरली, आणि दुसऱ्या दिवसापासून बस यायची बंद झाली.

नेमकी तेव्हाच गिरजाबाईची मेथी काढायला आली होती. एमआयडीसीत गेलेल्या जमिनीतून उरलेले बावीस गुंठे, त्यातले निम्मे तिचे आणि निम्मे धाकट्या जावेचे, शालनबाईचे. गिरजाबाईचा नवरा भिमाजी एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. शालनबाईचा नवरा मालोजी तीन वर्षांमागं काविळीनं गेला होता, मूलबाळ नव्हतं. घर एकच, मधे विटांची भिंत. भिंत छपरापर्यंत नेलेली नव्हती, त्यामुळं या घरातलं खोकणंसुद्धा त्या घरात कळायचं.

बस नाही म्हणून मेथी थांबत नाही. दोघी जावा पहाटे उठायच्या, गड्ड्या बांधायच्या, ओलं गोणपाट टाकून पाट्या डोक्यावर घ्यायच्या आणि फाट्यापर्यंत चालायच्या. रात्रपाळी सुटणाऱ्या आणि पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या माणसांना भाजी विकायची, उन्हं वर आली की परत. गिरजाबाई पुढं, शालनबाई मागं. लग्न होऊन आल्यापासून शालनबाई मागंच चालत आली होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मागून कंटेनर आला. गिरजाबाई कडेला सरली. कडेची माती पावसानं पोकळ झालेली, तिच्यासकट ती खाली बसली. पाटी उडाली. डावा हात अंगाखाली आला आणि मनगटात काडी मोडावी तसा आवाज झाला. त्याच वेळी कंपनीची पांढरी बस हळूहळू खड्डे चुकवत बाजूनं गेली. काचांमागं ओळीनं माणसं बसली होती. सगळ्यांनी मान वळवून खाली बघितलं. गिरजाबाईचं लुगडं मांडीपर्यंत वर गेलं होतं आणि हात हलवता येत नव्हता. शालनबाईनं आपली पाटी टाकली, धावत येऊन आधी लुगडं खाली ओढलं आणि मग तिला बसतं केलं.

चाकणच्या दवाखान्यात कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. संध्याकाळी घरी सगळे जमले असताना भिमाजी सहज बोलून गेला, "एसटीत बायांना आता अर्धं तिकीट हाय. पुढारी मोप सांगत्यात भाषनात."

गिरजाबाई ठणक्यानं वैतागली होती. म्हणाली, "बसच येत न्हाई तितं अर्धं तिकीट कशाचं काढू? का अर्धी बस धाडनार हायेत?"

सून मोनिका खदखदून हसली. शालनबाईही पदर तोंडाला लावून हसली. गिरजाबाईला बोलताना असं काहीतरी सुचायचं, ते सगळ्या वाडीला माहीत होतं.

हात गळ्यात अडकवून शेतात काय करणार, म्हणून ती आठ दिवस चिखलीला लेकीकडं, दीपमालाकडं जाऊन राहिली. परत आली तेव्हा शालनबाई म्हणाली, "खासदाराचा मानूस येऊन गेला, आक्का. गणराज म्हनून. रस्त्याचं, बसचं इचारत व्हता. लिवून घेतलं त्यानं." गिरजाबाईनं बरं म्हटलं. असे लिहून घेणारे तिनं पुष्कळ पाहिले होते.

जुलैच्या अखेरीला मोनिका पहिली शिफ्ट करून दुपारी आली ती चपला न काढताच आत शिरली. "आत्या, आपल्या खासदाराचं भाषण बघा. आपल्या वाडीचं नाव घेतलंय लोकसभेत." तिनं मोबाइल पाण्याच्या पिंपावर उभा केला. भिंतीपलीकडून शालनबाई आली, शेजारच्या विमलबाई आल्या.

मोठ्या हिरव्या सभागृहात खासदार उभा होता. कागद हातात, पण बघत होता समोर. मराठीतच बोलत होता. "अध्यक्ष महोदय, देशातल्या मोठमोठ्या गाड्या माझ्या भागात तयार होतात. त्या गाड्या तयार करणाऱ्या कामगारांना, त्यांना भाजी विकणाऱ्या माउल्यांना मात्र कामावर जायला गाडी नाही. मेट्रो झाली, चांगलं झालं. पण मेट्रोच्या जिन्यापर्यंत माणसानं यायचं कसं?" पलीकडच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, इतकी वर्षं सत्ता कुणाची होती म्हणून. गलका झाला. अध्यक्षांनी घंटी वाजवली.

खासदार थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या मतदारसंघात वाघजाईवाडी आहे. तिथल्या शालनबाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन साडेतीन किलोमीटर चालतात. या महिन्यात त्या चिखलात पडल्या, त्यांचा हात मोडला. महोदय, त्या शालनबाई मला विचारतात, बसच येत नाही तिथं अर्धं तिकीट कशाचं काढू? का सरकार अर्धी बस पाठवणार आहे?"

सभागृहात हशा झाला आणि मग बाकं वाजली. दोन्ही बाजूंची वाजली. मंत्री स्वतः हसत होते. उठून म्हणाले, सदस्यांच्या भावना पोचल्या आहेत, राज्याला कळवू.

मोनिकानं मोबाइल बंद केला. विमलबाईंनी एकदा गिरजाबाईच्या प्लास्टरकडं पाहिलं आणि एकदा शालनबाईच्या हातांकडं. शालनबाईचे दोन्ही हात पदरात होते.

"नाव चुकलं वाटतं," मोनिका म्हणाली.

"चुकलंच आसंल," शालनबाई जमिनीकडं बघत बोलली आणि पिठाचं निमित्त करून उठून गेली.

गिरजाबाई बसल्या जागी बसून राहिली. हात मोडल्याचं तिला तेव्हा इतकं लागलं नव्हतं. पडली ती, ठणका तिचा, उघडी पडली ती. ते एक असो. पण ते वाक्य तिचं होतं. तिच्या तोंडून निघालेल्या वाक्याला दिल्लीत बाकं वाजली आणि ते दुसरीच्या नावावर जमा झालं. वाट बघू, तिनं ठरवलं. शालन आज ना उद्या भिंतीपलीकडून हाक मारील, म्हणंल, आक्का, चला, गणराजला फोन लावून सांगू.

शालनबाईनं हाक मारली नाही.

त्यानंतरचे दिवस गिरजाबाईनं कानांनी काढले. भिंतीपलीकडं माणसं यायला लागली. सरपंच आला. दोन पत्रकार आले. चहाच्या कपांचे आवाज. "शालनबाई आहेत का घरात?" असं बाहेरून विचारलेलं ऐकू यायचं. कालपर्यंत तिला सगळे धाकली म्हणत, फार तर मालोजीची बायको. आता पोरंसोरं शालनबाई म्हणत होती. गिरजाबाई एका हातानं भाकरी थापायला बघायची, ती मोडायची, आणि नेमकी तेव्हाच पलीकडून शालनबाईचं हसणं यायचं. पूर्वी ती इतकी हसायची का, हे आठवायचा प्रयत्न गिरजाबाई करायची.

"तू जाऊन सरळ सांग की," भिमाजी म्हणाला.

"म्या कशापाई सांगू? जिनं घेतलं तिनं सांगावं."

"नावात काय ठेवलंय? बस आली म्हंजी झालं."

"तुमच्या गेटावरच्या वहीत दुसऱ्याचं नाव घालत्यात का तुमच्या हजेरीला?"

भिमाजीनं टोपी घातली आणि ड्यूटीला निघाला.

भाषणाला आठवडा झाला आणि खरंच बस आली. रस्त्यावर मुरूम टाकला, रोलर फिरवला, कंटेनरना बंदी केल्याचा फलक लावला. दोन महिन्यांपुरती चाचणी म्हणून रोज चार फेऱ्या. बसला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. गणराज चिखलीहून दहा-बारा पोरं घेऊन आला होता. त्यानं शालनबाईला पुढं घेतलं. तिनं दोन्ही धड हातांनी नारळ फोडला; गणराजनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. पहिल्या घावाला फुटला नाही, दुसऱ्याला फुटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या अंगावर शाल घातली. शालनबाईनं एकदा गर्दीत नजर फिरवली, गिरजाबाई दिसताच ती झटकन दुसरीकडं वळवली.

फोटोची वेळ आली. बायका बसच्या दाराशी उभ्या राहिल्या. गणराज मोबाइल धरून मागं सरकला आणि म्हणाला, "ओ मावशी, प्लास्टरवाल्या, जरा बाजूला व्हा. तुमचा हात येतोय फोटोत."

गिरजाबाई बाजूला झाली. बायकांनी माना खाली घातल्या. सगळ्या वाडीला ठाऊक होतं हात कुणाचा मोडला ते, पण बस समोर उभी होती आणि बसपुढं कुणाला तोंड उघडायचं नव्हतं.

दोन दिवसांनी शालनबाईनं ती शाल धुऊन दोरीवर टाकली. एकदाच अंगावर घेतलेली शाल धुवायला काय झालं होतं? गिरजाबाई दारात बसून त्या शालीकडं दिवसभर बघत राहिली. निळी होती, काठाला जर. वारा आला की तिच्या अंगणात डोकवायची.

त्याच संध्याकाळी रोहिदास आला. वाडीतलाच, जेसीबी फिरवणारा, प्लॉटिंग करणारा आणि खासदाराच्या विरुद्ध पक्षाचा. बाजेवर टेकला, हाताची चौकशी केली, घोटभर चहा घेतला.

"काकू, हात तुमचा मोडला ना?"

"दिसत न्हाई का?"

"मला दिसतोय वो. जगाला दिसाया नको का? दोन मिनिटं बोला मोबाइलसमोर. खोटं काय बोलायचं न्हाई. जे झालं तेच."

भिमाजी आतून म्हणाला, "नको रं रोहिदास. घरातली गोष्ट हाय." रोहिदासनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. गिरजाबाईनं दोरीवरच्या शालीकडं एकदा पाहिलं. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि प्लास्टरचा हात मांडीवर पुढं घेतला.

"मी गिरजाबाई भिमाजी. चिखलात मी पडले. हात माझा मोडला. शालन माझी धाकटी जाऊ हाय, तिला खरचटलंसुदीक न्हाई. ते बसचं बोलणं बी माझंच हाय."

बोलून झाल्यावर तिला फार हलकं वाटलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

आठ दिवस काहीच झालं नाही. मग प्लास्टर काढायच्या दिवशी, दवाखान्यातून परत आल्यावर, मोनिका पुन्हा मोबाइल घेऊन आली. या वेळी तिनं आवाज बारीक ठेवला होता. तेच सभागृह. दुसऱ्याच कुठल्या तरी भागाचा, रोहिदासच्या पक्षाचा सदस्य उभा होता, हिंदीत बोलत होता. योजनांवर, रस्त्यांवर चर्चा चालली होती. तो म्हणाला, विरोधकांचे सगळे आकडे शालनबाईसारखे आहेत. ज्या शालनबाईच्या नावानं या सभागृहाचे डोळे ओले केले, ती पडलीच नव्हती. पडली तिची जाऊ. माझ्याकडं व्हिडिओ आहे. हात एकीचा मोडतो आणि शाल दुसरी पांघरते.

लोक हसले. मागच्या वेळेसारखंच हसणं, पण आता वेगळं लागत होतं. कुणीतरी "शालनबाई, शालनबाई" म्हणून बाक वाजवायला लागलं. खासदार उठून काहीतरी ओरडत होता. अध्यक्ष म्हणाले, जी व्यक्ती इथं उत्तर द्यायला हजर नाही तिचं नाव घेऊ नका. ते नाव कामकाजातून काढून टाका.

"काय म्हनला?" गिरजाबाईनं विचारलं.

"नाव काढून टाकायला सांगितलं. लिहून ठेवतात ना सगळं, त्यातून शालनकाकूंचं नाव खोडणार."

"मग माझं घातलं का?"

मोनिकानं सासूकडं पाहिलं. "तुमचं कुणी घेतलंच नाही, आत्या. तिची जाऊ, एवढंच म्हणाले."

भिंतीपलीकडं कसलाही आवाज नव्हता. चुलीवरचं भांडं खाली ठेवल्याचा नाही, बांगडीचा नाही. गिरजाबाईनं ओळखलं, शालन भिंतीला लागून उभी आहे आणि तिनं सगळं ऐकलंय.

दुसऱ्या दिवसापासून पलीकडचं दार लागलं. वाडीतली माणसं, जी दहा दिवसांमागं शालनबाईला पुढं बसवत होती, ती आता तिला बघून एकमेकांना कोपर मारत. बसमधे कंपनीची पोरं तिला बघून म्हणाली, "सरका, खासदाराच्या बाई आल्या." ती पुढच्याच थांब्यावर उतरली. त्यानंतर ती बसमधे चढलीच नाही. बस येण्याआधी अर्धा तास पाटी डोक्यावर घेऊन चालायला लागायची.

गिरजाबाई बसनं जाऊ लागली. मनगट अजून लुळं होतं, म्हणून लहान गाठोडं करायची. तिला खिडकी मिळायची. पहिल्या दिवशी ओढा ओलांडला आणि तिला पुढं कडेनं चालणारी शालनबाई दिसली. मुरूम वाहून गेला होता, गाळ पुन्हा वर आला होता, आणि शालनबाई एका हातानं पाटी, दुसऱ्या हातानं निऱ्या धरून पाय उपसत चालली होती. बस हळू झाली. खिडकीतल्या सगळ्यांनी मान वळवून खाली बघितलं. गिरजाबाईनंही बघितलं. शालनबाईनं वर पाहिलं नाही. बसच्या चाकानं उडालेलं पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं.

ज्या दिवशी हे दिसेल त्या दिवशी आपल्याला बरं वाटेल असं गिरजाबाईला महिनाभर वाटत आलं होतं. तिनं बरं वाटतंय का ते तपासून बघितलं. फाट्यावर तिचं भाजी विकण्यात ध्यान लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या अलीकडं तिनं कंडक्टरला बस थांबवायला सांगितली.

"काकू, अजून दीड किलोमीटर आहे."

"ठावं हाय. उतरव मला."

ती चिखलात उतरली. बस निघून गेली. शालनबाई पंचवीसेक पावलांवर होती. गिरजाबाई भराभर चालून तिच्या मागं पोचली आणि मागंच राहिली, बरोबरीनं गेली नाही.

शालनबाई पुढं बघतच म्हणाली, "आक्का, बसनं जा. बस तुमची हाय."

"माझं नाव कशाला न्हाई सांगितलंस तू?"

शालनबाई चालत राहिली. "गणराजनं इचारलं, हात कुनाचा मोडला. म्या म्हनलं, आमच्या आक्काचा. तुमचं बसचं बोलनंबी सांगितलं, लई हसला. मग म्हनला, नाव काय. मला वाटलं माझं इचारतुया. म्या सांगितलं. रेशन कार्ड तुमच्या नावाचं, लाइटबिल भावजींच्या नावाचं. मला कोन नाव इचारतं?"

"मग दिल्लीत घेतलं तवा तरी सांगायचं."

"सांगनार व्हते. त्याच राती सांगनार व्हते." तिनं डोक्यावरची पाटी सावरली. "पन लई गोड लागलं, आक्का. म्हनलं, दोन दिस ऱ्हाऊ दे. मग सरपंच आला. मग नारळ आला. मग जीभच उचलंना."

एक ट्रक आला. दोघी कडेला झाल्या, पाठ फिरवून उभ्या राहिल्या, पाणी पाठीवर घेतलं आणि पुन्हा चालू लागल्या.

"म्या रोहिदासला खोटं काय सांगितलं न्हाई," गिरजाबाई म्हणाली. पुढचे शब्द काढायला तिला आठ-दहा पावलं लागली. "पन जळून सांगितलं. तुझी शाल बघून सांगितलं."

"ठावं हाय मला," शालनबाई म्हणाली. फाट्यावर दोघी दोन टोकांना बसल्या.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाई बसची वाट न बघता निघाली आणि शालनबाईच्या मागं चालली. वाडीतल्या बाया दारांत उभ्या राहून बघत होत्या. थोरली जाऊ धाकलीच्या मागं चालताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. विमलबाई म्हणाल्या, "गिरजे, बस असताना कुटं निघालीस?" गिरजाबाई चालतच राहिली. बस बाजूनं गेली, कंडक्टरनं दार वाजवून विचारलं, तिनं नुसता हात हलवला. शालनबाईनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. गिरजाबाईचं मनगट गाठोड्याच्या वजनानं सुजून यायचं. घरी येऊन ती गरम पाण्यात हात धरून बसायची आणि भिमाजीला काही सांगायची नाही.

चौथ्या दिवशी पावसानं सकाळपासूनच झोडपायला सुरुवात केली. शालनबाईची पाटी गच्च भरलेली, वरून भिजून जड झालेली. रोज ती ओढ्याच्या पुलावर कठड्याला पाटी टेकवायची, दम घ्यायची, आणि तिथूनच डोक्यावर सरकवून घ्यायची. आज पुलावर पोचली तर कठडा जागेवर नव्हता. रात्रीतून कुठल्यातरी गाडीनं तो ओढ्यात पाडला होता, नुसत्या सळ्या वर आल्या होत्या. शालनबाईनं इकडंतिकडं बघितलं. मान थरथरायला लागली होती. शेवटी ती वाकली आणि तिनं पाटी खाली चिखलात ठेवली.

गिरजाबाई मागं दहा पावलांवर थांबली.

शालनबाईनं पदरानं तोंड पुसलं. चुंबळ पिळून पुन्हा डोक्यावर ठेवली. पाटीच्या काठाला हात घालून एकदा उचलून बघितली, ती गुडघ्यापर्यंत आली आणि परत खाली गेली. आणखी एकदा बघितलं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. पाऊस पाटीतल्या मेथीवर पडत होता.

तिनं निऱ्या वर खोचल्या. मग मागं न बघता म्हणाली, "हात लाव."

तीस वर्षांत तिनं गिरजाबाईला कधी अगं-तुगं केलं नव्हतं.

गिरजाबाईनं गाठोडं खाली टाकलं आणि पुढं आली. दोघी समोरासमोर वाकल्या. पाटी वर उचलताना डाव्या मनगटातून कळ निघाली ती थेट खांद्यात गेली. तिनं दात आवळले, आणि पाटी शालनच्या डोक्यावर नीट बसेपर्यंत हात काढला नाही.